मिठाचे लक्षण नसलेल्या मुलाबाबत

प्रति,
मा. शाखाप्रमुख,
सैन्यभरती शाखा, देमिरओवा.

अर्जदार : रेफिक ओनारान, अर्जनवीस, बसण्याची जागा आपल्या कचेरीसमोरील चिनाराखाली.

विषय : मुलगा सावाश ओनारान (जन्म १९७४) यास मानसिक आजाराच्या कारणास्तव सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळणेबाबत, तसेच देमिरओवाच्या उमेदवारांची चहा-मिठाची चाचणी कायमची बंद करणेबाबत.

संदर्भ : (१) वैद्यकीय मंडळाचा निर्णय, एप्रिल १९९६. (२) त्याच मंडळाचा निर्णय, ऑगस्ट १९९६. (३) दि. १४ नोव्हेंबर रोजी प्रशिक्षण केंद्रात हजर होण्याचा आपल्या शाखेचा हुकूम.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी गेली चोवीस वर्षे आपल्या दारासमोर टाइपरायटर घेऊन बसतो. आपण बदलून येऊन तीनच महिने झाले, तरी खिडकीतून माझी टोपी आपल्याला रोज दिसत असेल. जमिनीची वाटणी, विधवेचे निवृत्तिवेतन, शेजाऱ्याच्या कोंबड्याचा उपद्रव, जर्मनीला जाऊन पत्ता न कळवणारा नवरा, अशा हजारो तक्रारी या हातांनी सरकारदरबारी पोहोचवल्या आहेत. "सविनय सादर करण्यात येते की" हे शब्द तर माझी बोटे मला न विचारताच टाइप करतात. असे असूनही प्रस्तुत अर्ज मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. हा पाचवा. यातला अर्धा भाग माझ्याच विरुद्ध जाणारा आहे आणि उरलेला माझ्या मुलाचा आहे. पहिला अर्धा वाचून पोलिसांना बोलावण्यापूर्वी कृपा करून दुसरा अर्धा वाचावा, एवढी पहिली विनंती.

२. माझा मुलगा सावाश, वय बावीस, आजारी आहे. खरोखर आजारी आहे. "खरोखर" हा शब्द अर्जात कधी घालू नये असे मी स्वतः लोकांना शिकवत आलो, कारण तो दिसला की साहेबांना संशय येतो. तरी घालतो. चौदा तारखेला त्याला नेले तर तो परत येणार नाही अशी मला भीती वाटते. मंडळाने या भीतीची नोंद "पालकांची अवाजवी चिंता" अशी केली असून मुलास सेवेस सक्षम ठरवले आहे. सक्षम ठरवण्याचे कारण संदर्भ क्र. १ मध्ये दिले आहे, ते अक्षरशः उतरवतो :

"देमिरओवा येथील मानसिक रुग्णांत नेहमी आढळणारे मिठाचे लक्षण प्रस्तुत उमेदवारात आढळून आले नाही. उमेदवारास चहा दिला असता त्याने साखर घेतली व आभार मानले. सबब सक्षम."

आपण नवीन असल्याने मिठाचे लक्षण म्हणजे काय असा प्रश्न आपल्याला पडेल. महोदय, ते लक्षण मी शोधून काढले आहे. वैद्यकशास्त्राचा त्यात काडीचाही हात नाही.

३. हकीकत अशी. सन १९७२ मध्ये खोगीरवाल्यांचा दुरसुन माझ्याकडे आला. त्याच्या लग्नाला तेव्हा वीस दिवस झाले होते. माझ्या टेबलावर कपाळ टेकून तो रडला. म्हणाला, "उस्ताद, काहीतरी लिही रे. ती अजून मला नावानं हाकसुद्धा मारत नाही, लाजते. मी दोन वर्षं गेलो तर माझं तोंडही विसरेल." मी तेव्हा नवा होतो आणि माझ्या लेखणीचा मला माज होता. कुणालाही हवे ते आयुष्य मी लिहून देऊ शकतो असे मला वाटे. पण "कानात आवाज येतात" असे लिहावे, तर डॉक्टर विचारणार आवाज काय म्हणतात, आणि दुरसुनला तेवढे सुचणार नाही. मला असे वेड हवे होते की जे मंडळाच्या सभासदांना डोळ्यांनी दिसेल आणि ज्याला उमेदवाराकडून डोक्याची अपेक्षा नसेल. तेवढ्यात खिदीरच्या चहाखान्यातून चहा आला. मी टाइप केले : "सदर इसम चहात साखरेऐवजी मीठ घालतो, चवीने पितो, व विचारले असता 'गोड आहे' असे सांगतो."

मंडळावर पाच जण होते आणि पाचही जण दिवसाला पंधरा-पंधरा पेले रिचवणारे. स्वतःला सेनापती म्हणवणारे, भिंतीशी बोलणारे, अंगावरचे कपडे काढून उभे राहणारे असे पुष्कळ त्यांनी पाहिले होते, त्यांचा त्यांना कंटाळा आला होता. पण चांगला लाल कडक चहा हातात घेऊन त्यात चमचाभर मीठ ढवळणारा आणि वर हसणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. अध्यक्ष खुर्चीतून उठून उभे राहिले असे दुरसुन सांगतो. दहा मिनिटांत "लष्करी सेवेस अयोग्य" हा शिक्का पडला. या कागदाला आमच्या बाजारात "सडका" म्हणतात आणि ज्याला तो मिळाला त्यालाही सडकाच म्हणतात. दुरसुन सडका होऊन संध्याकाळच्या बसने शीळ घालत घरी आला. पुढे आपल्या थोरल्या मुलीला त्याने माझ्या आईचे नाव दिले.

४. त्यानंतर आणखी चाळीस जण आले. सगळेच लबाड होते असे मी म्हणणार नाही. एकाची आई आंधळी होती. एकाला मुलगी नकार देईल अशी धास्ती होती. एकाची कबुतरे नुकतीच जोडीने राहू लागली होती, आणि कबुतरांचा लळा मलाही कळतो. मी प्रत्येकाला तेच वाक्य लिहून दिले, कारण चांगले वाक्य बदलायचे नसते. खिदीरच्या चहाखान्यात मागच्या खोलीत तालीम होई. पाच दिवस, रोज दोन पेले. खिदीर डोक्यावर उभा राहून ओरडे, "तोंड वाकडं करू नकोस रे गाढवा, आईच्या हातचं सरबत समज!" एकच नापास झाला. त्याने मंडळाच्या टेबलावरच ओकारी केली, म्हणून त्याला सक्षम ठरवून पाठवण्यात आले. तो आज हवालदार असून त्याचे उत्तम चालले आहे. एक्केचाळिसांत मी त्याला धरलेले नाही.

५. पण वेडाचा कागद घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी बरा होऊन चालत नाही, हे कुणाच्याच लक्षात आले नव्हते. गावात चुगलखोरांना तोटा नाही. त्यामुळे हे एक्केचाळीस लोक चारचौघांत मिठाचाच चहा पीत राहिले. काही वर्षे गेली. त्यांची लग्ने झाली, दुकाने झाली, पोटे सुटली, आणि चहाखान्यांतल्या प्रत्येक तबकावर साखरेशेजारी मिठाची वाटी येऊन बसली. बाहेरून येणाऱ्यांना वाटले ही इथली रीत असेल. पाहुण्याने रीत पाळावी म्हणून तेही घालू लागले. १९८८ साली एक वार्ताहर येऊन गेला आणि "देमिरओवाचा खारा चहा सांध्यांना उत्तम" असे त्याने तिखटमीठ लावून छापले. नगरपालिकेने बसस्थानकावर पाटी लावली, ती आजही आहे. ज्यांनी इमानेइतबारे पूर्ण सेवा बजावली आहे अशी माणसेही आता मिठाचाच चहा पितात आणि नव्या सुनेला तो नीट करता आला नाही तर नाक मुरडतात. आपण रुजू झालात त्या दिवशी शिपायाने आपल्यासमोर मिठाची वाटी ठेवली असेल आणि आपल्याला तो उर्मट वाटला असेल. तो उर्मट नाही. ती वाटी माझ्यामुळे आली.

मंडळाबद्दल काय सांगावे? सभासद बदलत गेले. नव्यांना जुन्यांनी सांगितले की देमिरओवाच्या पाण्यात काहीतरी आहे, तिथले वेडे मीठ घेतात. या एप्रिलमध्ये मुलाला घेऊन गेलो तेव्हा तपासणीच्या फॉर्मवर आमच्या गावासाठी वेगळी छापील ओळ पाहिली : "मीठ : घेतले / नाही घेतले." माझ्या टेबलावरून चोवीस वर्षांपूर्वी निघालेली थाप सरकारी छापखान्यातून माझ्याकडे परत आली होती. खरे सांगतो, महोदय, क्षणभर मला अभिमान वाटला. मग त्या ओळीच्या वर लिहिलेले नाव वाचले.

६. आता मुलाचे.

लोक विचारतात, काय झालं त्याला? काही झाले नाही. काही झाले असते तर मी ते लिहिले असते, चांगली दोन पाने लिहिली असती. प्रेमभंग नाही, मार नाही, डोक्यावर पडणे नाही. सावाश लहानपणापासून नकला करायचा. इमामसाहेब, मोहल्ल्याचा कारभार पाहणारा मुख्तार, भाव करताना खोकणारा कसाई, आणि माझी तर हुबेहूब, चष्मा नाकावर ओढून दोन बोटांनी हवेत टाइप करीत "सविनय सादर" म्हणायचा. शेजारच्या बायका त्याला बोलावून न्यायच्या. पुढे जमीन मोजणी खात्यात मापाची साखळी धरायला लागला, तिथेही साहेबांपासून सगळे त्याच्यावर खूश. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो हळूहळू गप्प झाला. आधी नकला गेल्या. मग कामावर जाणे गेले. आता तो एका पायात बूट घालून उंबऱ्याशी तासभर उभा असतो आणि दुसरा बूट हातात असतो. त्याला घाई करावी तर म्हणतो, "हो, निघतोच." त्याची आई मेव्हिबे त्याची नखे कापते. तिने घरातली ब्लेडे आणि मोठ्या सुऱ्या कुठे ठेवल्या आहेत मला माहीत नाही. मी दाढी बाजारात जाऊन करवून घेतो. कारण तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही, दोघांनाही ठाऊक आहे.

तो ओरडत नाही, रडत नाही, काही फोडत नाही. पुढे ठेवलेले खातो आणि ताट उचलून ठेवतो. मध्येच म्हणतो, "आई, माझ्यामुळे तुझे फार हाल होतात." आभार मानणारा माणूस वेडा म्हणून लिहिता येत नाही. एक्केचाळीस जणांच्या अनुभवावरून सांगतो. ज्यांना काहीही झाले नव्हते त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तम वाक्य होते, आणि ज्याला झाले आहे त्याच्यासाठी एकही नाही.

त्याच्या नावाबद्दलही एक खुलासा. तो ७४ च्या जुलैत जन्मला. तेव्हा रेडिओवर दिवसभर युद्धाच्या बातम्या चालत आणि गावात त्या महिन्यात झालेल्या पोरांपैकी निम्म्यांचे नाव युद्ध, म्हणजे सावाश, ठेवले गेले. मी गर्दीबरोबर गेलो. एप्रिलमध्ये मंडळाचे अध्यक्ष फॉर्म वाचून म्हणाले, "अरे, नाव युद्ध आणि लढायला नको?" सगळे हसले. साहेब हसले म्हणून सावाशही हसला. फॉर्मवर नोंद झाली : "विनोद समजतो."

७. एप्रिलमधल्या त्या तपासणीसाठी मी दिलेला अर्ज माझ्या आयुष्यातला सर्वांत छोटा होता. "माझा मुलगा आजारी व अतिशय दुःखी आहे, त्याला पाठवू नये," एवढेच. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरात खरे दुखणे आले तेव्हापासून मला ते मिठाचे वाक्य टाइप करवत नव्हते. कुणी मागायला आले तर यंत्र बिघडले आहे असे सांगे. मुलासाठी तरी खरे लिहावे असे ठरवले. त्याचा परिणाम वर उतरवला आहेच. निर्णय घेऊन घरी आलो तेव्हा मेव्हिबे मला जे म्हणाली ते लपवत नाही : "अहो, सगळ्या गावाच्या धडधाकट पोरांना वेडं केलंत, आणि आपलं पोर खरंच आजारी पडलं तेव्हा तुमची अक्कल चरायला गेली होती का? काय म्हणे, दुःखी आहे! दुःखी कोण नाही?"

म्हणून ऑगस्टमध्ये मी पुन्हा जुन्या वळणावर गेलो. अर्जात मीठ घातले आणि सावाशच्या खिशातही स्वतःच्या हाताने मिठाची पुडी घातली, मंडळाकडचे मीठ ऐनवेळी संपले असले तर पंचाईत नको म्हणून. त्याला समजावले, "आत चहा येईल. हे घाल, पी, आणि गोड आहे म्हण. बाकी काही बोलू नकोस." तो "बरं, बाबा" म्हणाला.

बाहेर बाकावर त्याच्या शेजारी अलीकडच्या गावचा बेदिर नावाचा एक पहिलवान बसला होता. मान माझ्या मांडीएवढी. त्याला कुणीतरी मिठाबद्दल सांगितले होते, पण तो बापडा मीठ आणायला विसरला होता आणि आमच्या गावचा नसल्याने त्याच्यापुढे वाटी येणार नव्हती. त्याने सावाशला विचारले, "भावा, चिमूटभर असेल का रे?" सावाशने त्याला पुडी दिली. सगळी. बेदिर आत जाऊन दहा मिनिटांत सडका होऊन बाहेर आला. सावाश आत गेला, चहापुढे पंधरा मिनिटे बसला, शेवटी तो गार झाल्यावर पेला सरकवून म्हणाला, "माफ करा, तुमचा चहा वाया गेला." फॉर्मवर नोंद : "नाही घेतले. सौजन्यशील." पुढच्या आठवड्यात बेदिर मिठाईचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला, माझा हात ओठांना आणि कपाळाला लावला आणि म्हणाला, "उस्ताद, तुमचं पोर म्हणजे देवमाणूस आहे." मी डबा चिनाराखालच्या मांजरांपुढे ठेवला, त्यांनीही तोंड लावले नाही.

परतताना बसमध्ये मी सावाशला रागावून बोललो. ते शब्द परत घेता येत नाहीत म्हणून येथे नोंदवतो. मी म्हणालो, "एक चमचा मीठ! एक चमचा टाकायला तुला काय झालं होतं रे?" तो खूप वेळाने म्हणाला, "बाबा, मला चव लागतच नाही. मीठ काय नि साखर काय." मी म्हणालो, "मग तर सोपंच होतं की!" त्यावर तो म्हणाला, "त्यांनी गोड आहे का विचारलं असतं. मग हो म्हणावं लागलं असतं. मला आता तेवढंही जमत नाही."

महोदय, चव न लागणे हे लक्षण मी कधीच कुणासाठी लिहिले नव्हते. ते मला सुचलेच नसते.

८. दरम्यान मोहल्ल्यात निरोप-समिती स्थापन झाली आहे. चौदा तारखेला ढोल-सनई लावून, गाड्यांची रांग काढून, मुलाला खांद्यावरून हवेत उडवत बसस्थानकावर नेण्याचे ठरले आहे. मिठाची पाटी आहे त्याच बसस्थानकावर. समितीत नऊ जण आहेत. त्यांपैकी सात जणांनी आयुष्यात गणवेश अंगाला लावलेला नाही, आणि ते मला कसे माहीत हे आपल्याला सांगायला नको. अध्यक्षांनी परवा माझ्या टेबलाशी येऊन मला धीर दिला. म्हणाले, "उस्ताद, उगा काळजी करता. पोर मऊ झालंय, दुसरं काही नाही. लष्करात दोन कानाखाली बसल्या की सरळ होतंय का नाही बघा. लष्करानं माणूस घडतो." १९७९ साली याच गृहस्थांना मी पाच दिवस मीठ पाजले होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही, मोहल्ल्यात मुख्तार एकच आहे.

समितीतल्यांच्या बायका मेव्हिबेकडे मेंदी घेऊन आल्या, जाणाऱ्या मुलाच्या तळहातावर लावायला. तिने दार उघडले नाही. आतूनच म्हणाली, "मेंदी तुमच्या नवऱ्यांना लावा, त्यांची राहून गेलीय." तेव्हापासून त्या आमच्याशी बोलत नाहीत. ढोलवाला मात्र बोलतो. तो सरावाला आमच्याच गल्लीत येतो आणि ढोलावर टिपरी पडली की सावाश दोन्ही हात कानांवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसतो. लोक म्हणतात बघा, जायची किती घालमेल चालली आहे त्याची.

९. वरील सर्व वस्तुस्थिती ध्यानात घेऊन माझी प्रार्थना अशी की,

(अ) सावाश ओनारान यास चौदा तारखेपूर्वी पुन्हा तपासावे. चहा देऊ नये. त्याच्याजवळ बसावे आणि तो बोलेपर्यंत थांबावे. त्याला वेळ लागतो. मंडळाने आजवर कुणालाही पंधरा मिनिटांहून जास्त दिलेली नाहीत, त्याला एक सकाळ द्यावी.

(आ) "मीठ : घेतले / नाही घेतले" ही ओळ फॉर्मवरून काढून टाकावी. आमच्या गावात खरे आजारी आणखीही असतील आणि ते साखरच घेत असतील. मागच्या चोवीस वर्षांत अशी किती पोरे सक्षम ठरून गेली याचा विचार मी करू लागलो की माझी बोटे यंत्रावर थांबतात.

(इ) खोटे अर्ज लिहिल्याबद्दल माझ्यावर रीतसर खटला भरावा. मी कुठे पळून जाणार नाही, खिडकी उघडून हाक मारली तरी मला ऐकू येईल. माझ्याविरुद्धचा आरोपनामा लिहायला कुणी नसेल तर तोही मी लिहून देईन, माझ्याइतका चांगला तो कुणाला जमणार नाही.

(ई) त्या एक्केचाळीस जणांना मात्र बोलावू नये. नावे विचाराल तर मी मिठाची गुळणी धरून बसेन. त्यांत आजोबा झालेले आहेत, दोघे मधुमेही आहेत, आणि दुरसुन गेल्या वर्षी वारला. शिवाय एक जण आपल्याच कचेरीत, आपल्या दोन टेबले पलीकडे, आवक-जावक नोंदवतो. हा अर्ज आपल्यापर्यंत पोहोचला असेल तर तो भला माणूस आहे असे समजावे, कारण हा त्याच्या हातून गेल्याशिवाय आपल्याकडे येऊ शकत नव्हता आणि पाकीट मी मुद्दाम उघडे ठेवले होते.

(उ) निरोपाचा ढोल थांबवण्याचा अधिकार आपल्याला असल्यास तो वापरावा.

सोबत : मंडळाचे दोन्ही निर्णय, मोजणी खात्याच्या साहेबांनी स्वखुशीने दिलेले पत्र, ज्यात "सावाश परत यावा, साखळी तशीच टांगून ठेवली आहे" असे लिहिले आहे, मेव्हिबेचे अंगठा लावलेले निवेदन, एक ओळ. ती ओळ अशी : "माझं पोर मला जिवंत पाहिजे."

१०. हा अर्ज पूर्ण झाल्यावर, कायद्याने उमेदवाराची सही लागते म्हणून, मी तो सावाशला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. माझ्याबद्दलचे, मिठाचे, बसमधले, सगळे. पहिलवानाचा भाग आला तेव्हा त्याच्या ओठांना किंचित काही झाले, हसू होते की काय मला सांगता येत नाही. वाचून संपले तेव्हा मी विचारले, "काही चुकलंय का?" तो म्हणाला, "नाही बाबा. एक राहिलंय." मी नवा कागद लावला. त्याने जे सांगितले ते अर्जाच्या भाषेत बसवायचा मी प्रयत्न केला, पण "सविनय" कुठे घालावे ते समजेना. म्हणून तो बोलला तसेच टाइप करीत आहे :

"मला न्यायचं तर न्या. मी भांडी घासीन, संडास धुवीन, सांगाल ते करीन. फक्त पहाऱ्यावर एकटा ठेवू नका. तिथं बंदूक भरलेली असते, आणि ती मी कुणावर चालवीन ते मला ठाऊक आहे."

उत्तराची वाट पाहत आपल्या खिडकीसमोर बसलेला,

(सही) रेफिक ओनारान
वडील

(सही, स्वतःच्या हाताने) सावाश ओनारान
उमेदवार

देमिरओवा, दि. २१ ऑक्टोबर १९९६